अक्काच्या चटणीखाली लावलेलं बटण

माझी लेक नोकरीसाठी चीनमध्ये असते. तिथलं एक अ‍ॅप तिला फार आवडतं. आपल्याकडं ते चालत नाही, म्हणून त्यातलं बरंवाईट ती रेकॉर्ड करून मला पाठवते. मी कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवतो. दुपारी डबा खाऊन झाला की लेथ मशीनला टेकून अर्धा तास चीन बघायचा, हा माझा नेम.

त्यातल्या एका व्हिडिओत डोंगरातल्या खेड्यात एक म्हातारी आणि तिची सून राहायच्या. सकाळी धुकं, मग चूल, मग भात. म्हातारी लाकडी डावानं भात वाढायची आणि सून तिच्या पाठीवर शाल टाकायची. मी पंधरा दिवस हे बघितलं. एकदा तर डोळे भरून आले. बायको म्हणाली, "माझ्या सासूबाईंना भात वाढताना कधी रडला न्हाईत ते!"

लेकीला फोनवर सांगितलं, सून असावी तर अशी. लेक खो खो हसली. "बाबा, ती सून न्हाईच. दोघी पगारी आहेत. तो डाव विकायला आहे, ती शालपण. बोट लावलं की घरी येतं."

"आणि म्हातारी?"

"ती तेवढी मिळत नाही."

त्या अ‍ॅपवर म्हणे सगळं असंच. कुणी पोरगी आजारातून कशी उठली ते सांगता सांगता उशी विकते. कुणी आईच्या आठवणीनं रडतो आणि रडता रडता लोणच्याची बाटली पुढं करतो. आमच्या मार्केटातला हळदीचा व्यापारी निदान पेढीवर बसून तरी लुबाडतो. गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, आपण बाजारात आलोय. इथं तुम्ही आपले कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जाता, आणि उठताना कळतं की पाट, तांब्या, तांब्यातलं पाणी आणि "बसा की" हे सगळंच विक्रीला होतं.

मी आठ दिवस भेटेल त्याला हे ऐकवून चीनला शिव्या घातल्या. नवव्या दिवशी मनात आलं, तसला डाव तर आमच्या अक्काकडंही आहे.

अक्का माझी थोरली बहीण, कुंडलला असते. दरवर्षी दिवाळीआधी तिची पिशवी एसटीनं सांगलीला येते. शेंगा, काकवी आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. ही पिशवी म्हणजे वानवळा. घरी पिकलेलं आधी आपल्या माणसांना द्यायचं, त्याचा भाव कुणी काढायचा नाही. ती चटणी संपली की आमच्या घरात महिनाभर सुतकी कळा असते.

उन्हाळ्यात मी कुंडलला गेलो आणि फोन काढून अक्काला म्हणालो, "चटणी कुट की. तुझी आठवण म्हणून ठेवतो."

"मी काय मरायला लागलीया व्हय रं?" असं म्हणत तिनं मुसळ उचललं. मी गोठा घेतला, तुळस घेतली, अक्काच्या हाताच्या शिरासुद्धा घेतल्या. पदर घाम पुसायला वर गेला, तर म्हणालो, "परत एकदा पूस, नीट आलं न्हाई." तिनं बिचारीनं परत पुसला.

लेकीनं त्या व्हिडिओला बासरीचे सूर जोडले आणि आपल्याकडच्या एका अ‍ॅपवर टाकलं, खाली मागणीचं बटण. बावीस जणांनी चटणी मागितली. मी अक्काला फोन केला, "लेकीच्या मैत्रिणींना तुझी चटणी पाहिजे. बावीस जणी हायत." खोटं बोलताना माझा आवाज फार गोड होतो, असं बायकोचं मत आहे.

अक्कानं तीन दिवस कुटलं. पाकिटं आली, प्रत्येकात एकेक गुळाचा खडा. "पोरी परमुलखात ऱ्हात्यात, नुसतं तिखट कसं द्यायचं?" मी ती पाकिटं विकली. गूळ काढून ठेवावा असंही क्षणभर वाटलं होतं, तेवढं मात्र केलं नाही. ही माझी पुण्याई. आलेले पैसे भाऊबीजेला अक्काच्या ताटात ओवाळणी म्हणून घालायचे ठरवले होते. तिच्याच घामाची ओवाळणी तिलाच! असला उदार भाऊ सातारा-सांगलीत दुसरा सापडायचा नाही.

पण एक दिवस पलूसची एक बाई स्कूटीवरून थेट अक्काच्या दारात आली. येता-जाता बघितलेली अंगणातली तुळस तिनं व्हिडिओत ओळखली होती. "आजी, आणखी चार पाकिटं द्या. पैसे आत्ताच देते."

"कसलं पैसं?" अक्कानं विचारलं. बाईनं फोन पुढं केला. अक्कानं स्वतःला घाम पुसताना बघितलं. दोनदा.

तिनं बाईला चहा पाजला, चार पाकिटं फुकट दिली आणि मला फोन केला. एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं इकलंस व्हय रं?" मी बोलायला तोंड उघडलं, तोवर फोन बंद.

त्या दिवाळीला पिशवी आली नाही. मी एसटी स्टँडवर दोनदा जाऊन पार्सलवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, "काका, पाठवलं आसंल तर येतंय की." पाठवलं का, तेच तर अक्काला विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

भाऊबीजेला कुंडलला गेलो. अक्कानं पाट मांडला, ओवाळलं, तोंडात करंजी घातली. रीत मोडली नाही. पण जन्मात पहिल्यांदा मला म्हणाली, "आनि काय पायजे तुमाला?"

तुमाला! मी पन्नाशी ओलांडलेला, दोन कामगारांचा मालक, तिथंच ढेपाळलो. पैशाचं पाकीट खिशातच राहिलं. म्हणालो, "चटणी."

तिनं फडताळातून तराजू काढला. "किती किलो?"

"अक्का, वानवळा दे."

"त्यो इकत न्हाई मी."

मग मी पाटावरून उठलो, पडवीत गेलो आणि उखळापाशी बसलो. शेजारी भाजलेल्या शेंगदाण्याची परात होती. मुसळ उचललं. चार घावांत खांदा भरून आला, दाणे उडून अंगणात गेले, कोंबड्यांची दिवाळी झाली. एवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल वाजायला लागला.

अक्का दारात उभी राहून बघत होती. "घेऊ नगंस त्यो," ती म्हणाली. "आनि मुसळ सरळ धर रं, गाढवा."

रं ऐकलं आणि मी मुसळ सरळ धरलं. फोन वाजून वाजून बंद पडला.