वेल हिरवी आहे

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीस वर्षांची पत्रकं होती. सभांची, संपांची, जातिनिर्मूलनाची, देवळांच्या उत्पन्नाविरुद्धची. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे कुठलीही गोष्ट एका कागदावर मांडता येते आणि मांडली की लोकांना पटते, असं मला विसाव्या वर्षापर्यंत खरंच वाटत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईला ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं. तिचं माहेर तिकडचंच, मामाचा तिथे पानमळा. दवाखान्यातून सुटल्यावर महिनाभर ती मामाकडेच राहणार होती. वडील शाळामास्तर, बदली फलटणकडे, ते शनिवारी येत. म्हणजे वाईचं घर आणि घरामागचा परस माझ्या एकटीच्या हाती आला.

परस मोठा नव्हता. अळू, घेवडा, चार वांगी, पपई, जास्वंद, आणि आडाच्या पलीकडे पांगाऱ्यावर चढवलेली नागवेल. वेलीचं बेणं आईने लग्नानंतर माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. तिच्या माहेरची तेवढी एकच वस्तू आमच्या घरात जिवंत होती. दुपारी जेवण झालं की ती स्वतः दोन पानं खुडायची, पुसायची आणि पायरीवर बसून खायची. दिवसातली तेवढी पाच मिनिटं ती कुणाचं ऐकत नसे.

जाताना तिने सगळं सांगितलं. भांडी घासलेलं पाणी अळवाला, घेवड्यावर मावा आला तर राख, आणि वेलीला थंडीत एक दिवसाआड, तेही थोडं. मी वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं. पहिल्याच आठवड्यात ते कोलमडलं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी बैठका. हरळी उपटावी तर दोन दिवसांत पुन्हा वीतभर. वानरांनी पपईचा शेंडा मोडला. घेवड्यावर राख टाकायची ती मी इतकी टाकली की पानं धुवायला आणखी पाणी शेंदावं लागलं. एका रविवारी चिडून कोपऱ्यातला सगळा लव्हाळा मुळापासून काढला आणि उकिरड्यावर फेकला. स्वच्छ जागा बघून बरं वाटलं. तो लव्हाळा आईने मुद्दाम राखला होता, वाळवून त्याने ती वेल बांधायची, हे नंतर कळलं.

वेलीकडे मात्र मी फार लक्ष देत होते. कारण सांगते. मामाच्या मळ्यात बाया पानं खुडायला, वेल बांधायला येत. पाळीच्या दिवसांत त्यांनी मळ्यात पाऊल टाकायचं नाही. विटाळाने वेल करपते म्हणून. त्या दिवसांची मजुरी बुडायची, आणि बाई का आली नाही हे सगळ्या गावाला कळायचं. आमच्या परसातही तोच नियम. आई बाजूला बसली की वेलीला पाणी वडील घालायचे. ते फलटणला गेल्यावर त्या दिवसांत वेल कोरडी राहायची, पण आई जायची नाही. ट्रंकेतल्या एकाही पत्रकात ह्याबद्दल अक्षर नव्हतं. मी लिहायचं ठरवलं, आणि पुरावा म्हणून स्वतः त्या दिवसांत वेलीत जायचं ठरवलं.

गेलेही. लपून नाही. शेजारच्या काकू भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या, माझी पाळी आलीय हे त्यांना मीच मोठ्याने सांगितलं.

"अगं, मग वेलीत काय करतेस?" काकू म्हणाल्या.

"पाणी घालतेय, काकू. वेलीला कॅलेंडर वाचता येत नाही."

"जीभ बरी चालते तुझी. वेल जगू दे म्हणजे झालं."

ते वाक्य मला टोचलं. वेल नुसती जगून चालणार नव्हती, ती फोफावायला हवी होती. मी रोज दोन बादल्या घालू लागले. एक दिवसाआडचं वेळापत्रक माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, आई जपून सांगते, जास्तीने काय बिघडणार?

पंधरा दिवसांनी पत्रक छापखान्यात दिलं. शेवटी लिहिलं होतं, "मी स्वतः त्या दिवसांत नागवेलीला पाणी घातले. वेल हिरवी आहे." ज्या सकाळी हे लिहिलं त्या सकाळी बुंध्याजवळची पानं पिवळी पडलेली मी पाहिली होती. थंडीने असेल, सुधारेल, असं म्हणून मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. दोनशे प्रती गुलाबी कागदावर छापून आल्या तेव्हा वेलीची निम्मी पानं गळाली होती. गठ्ठा मी बांधलेलाच ठेवला.

त्याच आठवड्यात मामा आईला घेऊन एस.टी.ने आले. आई फार वाळली होती. चहाही न घेता ती भिंतीला धरत परसात गेली. वेलीचे काळे दोर पांगाऱ्याला लटकत होते. ती पायरीवर बसली.

मामा बुंध्याशी उकिडवे बसले. बोटाने माती उकरून त्यांनी एक मूळ वर काढलं, हुंगलं.

"रोज घालत हुतीस?"

"दोन बादल्या."

"ह्या थंडीत? पोरी, पाणी लय झालं. मुळं कुजल्यात."

भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "पाणी कसलं? कुठल्या दिवसांत शिरली होतीस ते सांग ना मामांना."

मामांनी हातातलं मूळ खाली ठेवलं. "व्हय गं?"

"हो."

त्यांनी हाताची माती चोळून काढली. मग काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले, "वेल पाण्यानं गेली. तीस वर्सं मळा करतोय, मला कळतंय. पर तू शिरायला नको हुतीस. त्येबी सांगतो."

घरात आल्यावर आईला खाटेशेजारी गठ्ठा दिसला. तिने वरचा कागद काढला आणि बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"हे लिहिलंस तेव्हा हिरवी होती?"

मी म्हणाले, "खालची पानं पिवळी होती."

"तुला दिसली होती?"

"दिसली होती."

तिने कागद घडी न घालता परत गठ्ठ्यावर ठेवला. मामा दारातून बघत होते. ते आईला म्हणाले, "म्होरल्या खेपंला बेणं आणतो. पर तुझ्या लेकीनं सबूद द्यायचा, त्या दिसांत जाणार न्हाई म्हणून."

मी आईकडे पाहिलं. एक 'हो' म्हणायचा होता. तिची वेल परत आली असती.

आईच म्हणाली, "नको दादा. ती शब्द देईल तो माझ्यासाठी देईल, आणि पाळणार नाही. ह्या घरात एक खोटं छापून आलंय तेवढं पुरे."

"मग बेणं?"

"राहू दे."

मामा त्या दिवशी राहिले. मी गठ्ठा सोडून एकेका कागदावरचं शेवटचं वाक्य खोडू लागले. आई खाटेवरून म्हणाली, "नुसतं खोडू नकोस. काय झालं ते लिही." मग मी लिहिलं, "वेल मेली. थंडीत मी रोज दोन बादल्या पाणी घातले. मुळे कुजली." दोनशे वेळा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाला घट्टा पडला.

निघताना मामांनी एक प्रत उचलली. अक्षरं जुळवत सगळी वाचली. "आता खरं लिवलंस," म्हणाले आणि कागद टोपीत घालून गेले. बेण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आईनेही नाही.

लिहिण्यातली चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली. वेलीबाबतची दुरुस्त झालेली नाही. पत्रकात मी बायांच्या हक्काबद्दल जे लिहिलं ते मला आजही खरं वाटतं, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण त्याची किंमत मी दिली नाही. आई हल्ली शनिवारच्या बाजारातून पानं मागवते. जेवण झालं की पायरीवर बसून खाते. समोर पांगाऱ्यावर तिने लव्हाळ्याने बांधलेल्या जुन्या गाठी अजून तशाच आहेत. तण काढताना मी त्यांना हात लावत नाही.