चारचा चहा

भाऊजी गेल्याचा निरोप दिंडोरीला शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सुटली'. ताई सुटली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला ते तेव्हा जमलं नाही आणि महिना उलटला तरी जमत नाही.

दिनकरराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पण जीव सगळा मेंदूत अडकलेला. मेंदूतल्या पेशींचं जाळं गणितात कसं मांडायचं, या एकाच गोष्टीने त्यांना पछाडलं होतं. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा खोका मांडीवर घेऊन एस.टी.ने पुण्याला जायचे आणि तिथल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर ती कार्डं चालवून यायचे. "शब्द एका कप्प्यात ठेवलेला नसतो गं," मला सांगायचे, "तो साऱ्या जाळ्यात पसरलेला असतो. चूक दाखवत राहिलं की जाळं शिकतं." ऐकताना मी तव्यावरची पोळी विसरायचे. माणूस हुशार होता, त्यात वाद नाही.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली... आणि पंचवटीतल्या त्या घरात भाऊजींना आयतं जाळं सापडलं. रोज चारला स्वतः चहा करायचे, कप तिच्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, "हे काय?" शब्द आला तर चहा, नाही आला तर मोरीत. पहिलं अक्षरसुद्धा सांगायचं नाही. मदतीने जाळं आळशी होतं म्हणे. ताई घामाघूम व्हायची, ओठ नुसतेच हलायचे आणि हा गृहस्थ तिच्यासमोर ढिम्म उभा. पण कप, खिडकी, पाणी असे शब्द तिला खरंच परत आले, त्यामुळे डॉक्टरही त्यांचंच कौतुक करायचे.

'कप' पक्का झाला तसा त्यांनी प्रश्न वाढवला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "आणि मी कोण? नाव सांग." ताई मान खाली घालायची. त्या दिवसापासून त्यांच्या हातचा चारचा चहा तिच्या घशाखाली उतरला नाही. एकदा मी भडकलेच. "भाऊजी, लग्न झाल्यापासून तिने तुमचं नाव घेतलंय कधी? हळदीकुंकवाला उखाण्याची वेळ आली की उठून पळायची ती. धडधाकट असताना जे नाव जिभेवर आणलं नाही, ते आता चहासाठी घेईल?"

"लाज वेगळी," ते म्हणाले, "आणि पुसलं जाणं वेगळं. सगळं परत आलं तिचं. माझंच नाव नेमकं पुसलं गेलं..." आवाज हलला होता त्यांचा. मला दया आली नाही. त्याच समजुतीत ते गेले.

आता ताई माझ्याकडे असते. आली त्या दिवशी चारला मी तिच्यासमोर चहा ठेवला. म्हटलं, "ताई, घे, गार होतोय." तिने हात लावला नाही. कपाकडे बघून म्हणाली, "कप." मी म्हटलं, "अगं बाई, आता कुणी विचारत नाही तुला." तरी ती थांबूनच राहिली. मग मान वर केली, समोर कुणीच उभं नव्हतं तिथे बघितलं आणि अजिबात न अडखळता म्हणाली, "दिनकर."

मग डाव्या हाताने कप उचलून तिने चहा प्यायला. रोज तसंच करते. नाव घेतल्याशिवाय चहाला हात लावत नाही.