साडभाऊंचा अंधार

भंडारा जिल्ह्यात माझ्या साडभाऊंइतकं माणसाला दमवणारं दुसरं कोणी नसेल. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बदली होऊन ते तिकडच्या वाट्याला जातील अशी मला अंधुक आशा होती. पण सरकारनं त्यांना आंधळगावातच ठेवलं आणि मला वरठीच्या शाळेत, म्हणजे मोटारसायकलनं सहज गाठता येईल अशा अंतरावर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या दोघी वर्षातून चारदा भेटतात. साडभाऊ मला आठवड्यातून दोनदा भेटतात, आणि ते गेल्यावर माझी कंबर, मान किंवा झोप यांपैकी काहीतरी गेलेलं असतं.

ते वीज खात्यात लाइनमन होते. होते म्हणायचं एवढंच. निवृत्तीचा हार सुकायच्या आत ते पुन्हा खांब न्याहाळायला लागले. रस्त्यानं चालताना त्यांची नजर तारांवर असते, त्यामुळे आजवर ते दोन गटारांत आणि एका म्हशीवर जाऊन पडलेले आहेत. खिशात टेस्टर आणि फ्यूज तारेची गुंडाळी कायम. आमच्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मुठीतल्या अक्षतांसकट मांडवामागे गेले आणि डेकोरेशनवाल्याची वायर सोलत बसले. "अर्थिंगच नोती जी गुरुजी!" असं मला म्हणत परतले, तोवर नवरानवरी जेवायला बसले होते. अक्षता त्यांनी त्यांच्या ताटांवर टाकल्या.

आणि अशा माणसाला अंधाराचं वेड! लोडशेडिंगच्या वर्षांत अख्खं गाव त्यांच्या नावानं बोटं मोडायचं आणि हे गच्चीवर उताणे पडून आभाळ बघायचे. तीस वर्षं वाड्यावस्त्यांवर उजेड नेणाऱ्याला हे शोभतं का, असं मी एकदा विचारलं. "माले उजेडाची नोकरी होती जी, आवड नोती," ते म्हणाले.

आवड मायकडून आली होती. माय म्हणजे त्यांची आई. या गोष्टीच्या वेळी ती होती. नव्वदीच्या आसपासची, गुडघ्यांनी जागेवर बसवलेली, जिभेनं मात्र अजून भाताच्या रोवणीवर जाणारी. तिच्या तरुणपणी घरात घड्याळ नव्हतं. आम्ही शाळेत ज्याला सप्तर्षी म्हणून शिकवतो, ती तिच्या लेखी एका म्हातारीची बाज. चार चांदण्या हे बाजेचे चार खूर आणि शेपटीच्या तीन म्हणजे ती पळवून नेणारे चोर. बाज किती कलली ते बघून ती मळणीला उठायची. पुढे लेक लाइनमन झाला आणि मोठ्या अभिमानानं त्यानं घरासमोरच्या खांबावर आपल्या हातानं वस्तीतला पहिला दिवा लावला. त्या दिवसापासून अंगणात निजणाऱ्या मायची बाज दिसेनाशी झाली. गावचा दिवा, बंद कर म्हणायची सोय नाही. पण लेकाला ऐकवायची सोय होती. "तुह्या बलबानं माहे तारे खाल्ले रे!" हे वाक्य साडभाऊंनी चहाबरोबर रोज, वर्षानुवर्षं गिळलं.

"अहो, करा की दिवा दहा मिनिटं बंद," मी सुचवलं होतं.

साडभाऊंनी कानाला हात लावला. "चालू लाइन बंद कराले परमिट लागते, गुरुजी. सर्विसमदी कधी बिनापरमिट हात नाई लावला. आता रिटायर होऊन लावू?"

तेव्हा त्यांनी तोड काढली ती अशी, की मायला बाजेचा फोटो काढून द्यायचा. मोठा, चौकटीतला, खाटेवरून दिसेल असा. तुमसरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा आणला आणि माझे हाल सुरू झाले. नाकाडोंगरीच्या जंगलाच्या काठावर आम्ही किती रात्री डासांना जेवू घातलं, ते मोजायचं मी सोडून दिलंय. एका अंगाला खाणीचा उजेड, दुसऱ्या अंगाला झाडं, मधे धुकं. "हालू नका जी, श्वास बी हळू घ्या," असं ते मला बजावायचे, जसं काही माझ्या नाकाच्या वाऱ्यानं तारे विझणार होते. दर फोटोत राखेसारखं काहीतरी यायचं. इकडे मायची नजर आणि दम दोन्ही कमी होत चालले होते. "यंदा नाई झालं तं मंग कोनाले दाखवू?" असं साडभाऊ एकदा म्हणाले, आणि त्यानंतर मला नाही म्हणता येईना.

म्हणूनच मोबाईलवर जाहिरात बघून त्यांनी राजस्थानच्या वाळवंटातल्या सहलीत दोन नावं घातली, तेव्हा मी फक्त स्वेटर शोधला. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या, आम्हा दोघांसकट सात जणांचा गट, पुढारी पुण्याची एक तरतरीत मुलगी. बाकीच्यांकडे ताऱ्यांबरोबर आपोआप वळणारी यंत्रं होती. आमच्या स्टँडचा तिसरा पाय इन्सुलेशन टेपनं बांधलेला. दोन दिवस रेल्वे, मग जीप, मग उंट. उंटावर माझं जे काही झालं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पहिल्या रात्री धूळ उडाली आणि आभाळ गढूळलं. दुसरी रात्र शेवटची. ती मात्र अशी लख्ख निघाली, की मी थकवा विसरून मिनिटभर तोंड उघडं टाकून उभा राहिलो. उत्तरेला बाज चढत होती, चारही खुरांसकट. साडभाऊंनी स्टँडच्या टेपला आणखी एक वेढा दिला.

तिथं नियम एकच होता, पांढरा उजेड करायचा नाही. आणि नेमका उत्तरेला, बाजेच्या खाली, लांबच्या एका झोपड्यापाशी कोणीतरी टॉर्च हलवत होतं. सगळ्यांच्या फोटोंत त्या उजेडाच्या रेघा उमटत होत्या. "कोणीतरी जाऊन विनंती करा ना," मुलगी म्हणाली. "मी जातो, माह्यासंगं गुरुजी येतेत," साडभाऊ म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

वाळूत पाय ओढत आम्ही पोचलो, तर एक म्हातारी खाटेवर बसलेली आणि तिची सून टॉर्च घेऊन सुटलेली शेळी शोधतेय. साडभाऊंनी हात जोडून आपल्या हिंदीत टॉर्च बंद करायला सांगितलं. सून म्हणाली, चार दिवसांपासून लाइट नाही, वायरमन येत नाही, अंधारात शेळी कशी सापडायची? साडभाऊंचा हात खिशाकडे गेला.

"साडभाऊ, नका," मी म्हणालो.

"पाहून तं घेतो जी."

फ्यूज जळाला होता. त्यांनी दातानं तार तोडली, दोन पेच आवळले, खटका वर केला. अंगणातल्या काठीवर एक भला थोरला बल्ब लागला आणि चहूकडची वाळू दुपारसारखी उजळली. शेळी कुंपणाशीच उभी होती. मागे, आमच्या तंबूंकडून, पाच जणांची एकच आरोळी उठली आणि त्यातून पुण्याचा आवाज स्पष्ट आला, "काका! टॉर्च बंद करायला पाठवलं होतं तुम्हाला!"

"आता बंद करा म्हणा," मी दात ओठ खात पुटपुटलो. "पाच मिनिटं. तुमचा फोटो घ्या आणि मग लावा म्हणा."

साडभाऊ म्हातारीकडे बघत होते. ती आपल्या दोन्ही हातांचे तळवे उजेडात धरून उलटसुलट बघत होती. "चार दिवसानं लागला, गुरुजी," ते म्हणाले. "मी कोन्या तोंडानं म्हनू?" आणि त्यांनी खरंच म्हटलं नाही. परतल्यावर त्यांनी एक फोटो घेतला. आभाळ दुधाळ, बाजेचा एकच खूर कसाबसा, आणि खाली पिवळा डाग. परतताना उंटावर आणि जीपमध्ये गटातलं कोणी आमच्याशी बोललं नाही. रेल्वेचे दोन दिवस मी साडभाऊंशी बोललो नाही.

वाटेत तुमसरला फोटो छापून घेतला आणि आंधळगावात पोचलो ते दिवेलागणीनंतर. मायनं फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "बाज कोठी हाये? अन् हे पिवरं काय व्हय?"

"एका बुडीच्या घरचा बलब व्हय, माय. बंद होता."

"मंग लावून देल्लास?"

"हो."

"बरं केलंस," माय म्हणाली आणि फोटो उशाखाली सारून भिंतीकडे वळली. तिनं टोमणा मारला नाही, हे साडभाऊंना सोसलं नसावं. ते बाहेर गेले. मी मागोमाग गेलो तर ते खांबाखाली उभे. त्यांनी एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, चोरासारखं, आणि खांबावरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकला. साऱ्या गल्लीचे दिवे गेले. मग आम्ही दोघांनी मायची बाज तिच्यासकट उचलून अंगणात आणली. माझी कंबर उंटापासूनच गेलेली होती.

"दोघंच जन?" माय अंधारात म्हणाली. "तिसरा चोर कोठी गेला?"

मग तिनं तोंड वर केलं. रेतीतल्यासारखं आभाळ ते नव्हतं, पण घरांच्या वर, उत्तरेला, बाज होती. माय म्हणाली, "हाये अजून. मले वाटलं, नेली चोरट्यांनी."

गल्लीतून हाका सुरू झाल्या. "वायरमन काका, लाइट काहून गेली जी?"

"फाल्ट शोधून राहिलो!" साडभाऊ ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खात्याबद्दल खोटं बोलत होते. मग खिशातला फ्यूज हातात घेऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "लावू का जी, गुरुजी? तुमी दमले असान."

मी फार दमलो होतो. वीस वर्षांचा दमलो होतो. पण मायचं तोंड वर होतं, आणि ती बोटानं एकेक खूर मोजत होती.

"राहू द्या थोडं," मी म्हणालो.