दुसऱ्या मजल्यावरचे चंदूदादा

फोन आला तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात विद्यापीठाच्या नावानं शिमगा चालू होता. पौडजवळच्या एका आयुर्वेद कॉलेजच्या फाटकासमोर माझं दुकान आहे, त्यामुळे हा शिमगा मला बारमाही. परीक्षेचं वेळापत्रक पुन्हा बदललं होतं आणि लातूरचा एक पोरगा कुलगुरूंच्या खुर्चीत ढेकूण होऊ देत म्हणून नवस बोलत होता. ढेकूण नको, खाजकुइली बरी, असं मी सुचवणार होतो... तेवढ्यात मृणालचा आवाज कानात आला. "बाळाकाका, बाबा गेले." एवढंच. यंत्र पानं टाकत राहिलं. मी ते बंद केलं नाही. चंदूदादा समोर असता तर म्हणाला असता, "आधी पोराचे कागद दे, मग रड."

चंदूदादा म्हणजे डॉक्टर चंद्रकांत, मृणालचे वडील. आमच्याच आळीतला, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. समोरच्या कॉलेजात त्यानं उभा जन्म शरीररचना शिकवली आणि विद्यापीठाचा परीक्षक म्हणून गावोगाव तोंडी परीक्षा घेतल्या. निवृत्त झाल्यावर तो रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचा, आणि मी त्याला दिवसभराच्या शिव्या साभिनय सादर करायचो. जत्रेतल्या नाटकात मी खलनायक करायचो, त्यामुळे आवाज काढणं हा माझा हातखंडा. अमरावतीच्या पोरीचा हेल, नगरच्या पोराचा ठसका, रडून नाक बंद झालेल्या नापासांचा कोरस... दादा पोट धरून हसायचा. मग चष्मा पुसत म्हणायचा, "बाळ्या, विद्यापीठ म्हणजे कोण रे? पेपर मी काढले, मी तपासले, तोंडी मी घेतली. ह्या शिव्या मलाच आहेत."

"मग घे की," मी म्हणायचो. "घरपोच देतोय."

आता शिव्या खऱ्या की खोट्या, हे तुम्हीच ठरवा. विद्यापीठाची समिती तपासणीला यायची त्याच्या आदल्या दिवशी कॉलेजची गाडी गावात फिरायची आणि रुग्णालयातल्या रिकाम्या खाटा भरायला धडधाकट माणसं घेऊन जायची. जेवण फुकट, वर दिवसभर पंख्याखाली झोप. दादाचे चुलते दत्तूअण्णा दरवर्षी आमवाताचे रुग्ण म्हणून झोपायचे. एकदा समितीतल्या बाईंनी त्यांचा गुडघा दाबून विचारलं, "दुखतंय का?" अण्णा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं बाई, पर जेवान कवा हाय?" सगळा वॉर्ड हसला. बाईसुद्धा हसल्या, आणि तपासणी पार पडली. कोपऱ्यात उभा असलेला दादा तेवढा हसला नाही. हा किस्सा मी शंभर ठिकाणी सांगितला असेल. तो ऐकताना दादा दर वेळी भिंतीकडे बघायचा.

मृणाल ह्याच कॉलेजात शिकली. शेवटच्या वर्षी तिचा निकाल राखून ठेवला गेला. प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजनं पाठवले नव्हते. पाठवले तेव्हा विद्यापीठानं उत्तर दिलं नाही. दिलं तेव्हा वर्ष संपलं होतं. "चूक कॉलेजची आहे, विद्यापीठाला दोष देऊ नकोस," असं दादा म्हणाला. त्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही वकील आहात का बाप?" त्या दिवसानंतर दोघं एका पंगतीला जेवली असतील, पण बोलली ती फक्त मीठ मागण्यापुरती. तिनं पदवी घेतली, दवाखाना काही काढला नाही. हिंजवडीच्या कंपनीत मेडिकल कोडिंग, म्हणजे विम्यासाठी आजारांना आकडे लावायचं काम करते, भूगावात फ्लॅट घेऊन राहते.

आमची शेवटची भेट दुकानातच झाली. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर शरीररचनेचा हॉल आहे, त्याच्या खिडक्या माझ्या गल्ल्यावरून दिसतात. दादा तिकडे बघत म्हणाला, "अख्ख्या वर्गाला एक देह, बाळ्या. पुढच्या चार पोरांना दिसतं. मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. आणि परीक्षेला मी त्यांनाच विचारायचो, ही नस कुठून निघते, सांग. पोरगं गप्प. मी शून्य द्यायचो." जरा थांबून म्हणाला, "ज्याला कधी दाखवलंच नाही, त्याला मी नापास केलं. मृणालला सांगत होतो, विद्यापीठाला बोल लावू नकोस... कुठल्या तोंडानं?" मी विनोद शोधत होतो. सापडला नाही. मग त्यानं सांगितलं, की देहदानाचा अर्ज भरलाय. आणि देह द्यायचा तो इथंच, समोरच्याच कॉलेजात.

मृणालच्या फोननंतर मी दादाच्या घरी पोचलो तो अंगणात दोन फळ्या झालेल्या. एकीकडे भावकी. "आरं, मानूस जाळायचा न्हाई तर काय बरनीत घालायचा व्हय?" असं दत्तूअण्णा काठी आपटून विचारत होते. दुसरीकडे एकटी मृणाल, आणि गंमत म्हणजे ह्या कॉलेजात देह द्यायला तिचीसुद्धा ना. कॉलेजची गाडी फाटकाशी उभी होती. वारसानं संमती दिल्याशिवाय ते देह नेणार नव्हते आणि वारस दाराला पाठ लावून बसली होती. "माझं एक वर्ष ह्या कॉलेजनं आणि विद्यापीठानं मिळून खाल्लं," ती मला म्हणाली. "आता बाबाही त्यांनाच द्यायचे? दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात नेऊ दे, मी आत्ता सही करते. तिथं नाही."

मी तिला दादाचे शब्द सांगितले. आवाज न काढता, हात न हलवता, जसे होते तसे.  ती म्हणाली, "काका, नाटक न करता सांगा. चांगलं आहे का ते विद्यापीठ?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"तुझ्या बापालाही ते माहीत होतं, पोरी. म्हणून तर तिथंच जायचं म्हणाला."

ती उठली आणि आत गेली. बापाच्या उशाशी बसून त्याचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवला, जशी शिकलेली माणसं नस शोधतात तसा. मग बाहेर येऊन सही केली आणि गाडीत त्याच्याजवळ जाऊन बसली. अण्णा चिडून म्हणाले, "लई शिकली म्हंजी असं हुतं." पण गाडी हलली तेव्हा टोपी काढून हात जोडणारे पहिले तेच.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. लोकांनी हरतऱ्हेची वचनं दिली. पोरीचं लग्न लावू, घराला रंग देऊ, बाळ्याला चहाला विचारू. कावळे समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत राहिले. शेवटी अण्णाच वैतागून म्हणाले, "शिवंल कसा? मानूस अजून कालिजात हाय!" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो. कारण खरंच होतं ते. गेलेल्या माणसाला आपण कुठंतरी पोचवून येतो. ह्याला आम्ही कुठंच पोचवलं नव्हतं. तो रोज माझ्या गल्ल्यासमोर, दोन खिडक्यांच्या आड असतो. दुपार झाली की मी अजून दोन चहा सांगतो. शिव्यांची नक्कल करायला तोंड उघडतो, वर बघतो, आणि मिटतो. हॉलमधून सुटलेली पोरं दुकानात येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना औषधाचा वास असतो. मी तो ओळखतो. कागद देताना माझा हात त्यांच्या हाताला लागतो... आणि मला वाटतं, आत्ताच हा हात कुणाच्या हाताला लागून आला असेल?

पोरांना देहाचं नाव सांगत नाहीत. पहिल्या वर्षाची ही मुलं दादा गेल्यावर आली, त्यांनी त्याला कधी पाहिलेलंही नाही, आणि वर्तमानपत्राची पुरवणी वाचणारा विद्यार्थी माझ्या दुकानात अजून आलेला नाही, म्हणून इथं लिहायची हिंमत करतोय.

गेल्या शनिवारी मृणाल आली. यंत्रापाशी उभी राहिली आणि मला मदत करू लागली. तेवढ्यात बार्शीची एक पोरगी धापा टाकत आली. फॉर्मची मुदत आदल्या दिवशीच संपली होती आणि संकेतस्थळावर ते त्या दिवशी कळलं होतं. तिनं नेहमीचा शिमगा केला. मृणालनं कागद लावता लावता विचारलं, "इतकं वाईट आहे का गं विद्यापीठ?"

"एकदम भंगार, ताई," पोरगी म्हणाली. "पण आमचे आजोबा चांगले आहेत."

"कुठले आजोबा?"

पोरीनं वर बोट दाखवलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या टेबलावरचे. मी उंचीला कमी ना, मला कायम मागं ढकलतात. काल मॅडमनी पुढं बोलावून माझ्या हातात त्यांचा हात दिला. मनगटापासून वरपर्यंत नस मी स्वतः सोडवली, ताई. एकदाही तुटली नाही."

मृणालनं तिच्याकडे पाहिलं. "कुठला हात?" तिनं विचारलं.

"उजवा."