शेगडीच्या काचेचा निरोप

जगात जे जे येतं ते एक दिवस नाहीसं होतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्या घरी काचेची शेगडी नसावी.

आमची परवा कुकरखालीच फुटली आणि ओटाभर खडीसाखर सांडावी तसे काचेचे खडे पसरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काच फुटली ना, मग घरावरचं संकट गेलं." भंगारवाला म्हणाला, "ही काच बाटल्यांच्या काचेबरोबर वितळवायला चालत नाही, साहेब. शेगडी द्या, काच ठेवा." म्हणजे संकट गेलं, काच राहिली.

उरली घंटागाडी. तिच्यावरच्या सुमनताई कचरा हातांनी निवडतात. मागे कुणाच्या तरी फुटक्या ग्लासाने त्यांचा तळवा फाटला होता. म्हणून बायकोने खडे जाड कागदात गुंडाळले, बुटांच्या खोक्यात घातले, वर लाल अक्षरांत 'काच' लिहिलं.

"एवढं सजवलंत, आहेर आहे की काय?" असं म्हणत सुमनताईंनी खोकं वेगळं ठेवलं.

वस्तूला निरोप देताना पुढच्या हाताची आठवण ठेवली, की बाकीचे मंत्र नसले तरी चालतात, असं मला वाटलं.

आज पोह्यांच्या डब्यामागे आणखी मूठभर खडे सापडले. घरात बुटांचं दुसरं खोकं नाही.