प्रसादाची सुई

"हात वर कर," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. मी केला. सगळ्या संघासमोर त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरला आणि कबड्डीच्या सरांकडे बघून हसले. "ही पकड करणार? पेज पिऊन वाढलेली शेवग्याची शेंग! शाळेचं नाव घालवायला आणलीत काय?"

मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

दहावीत होते. गाव लांज्याच्या आत, बाबा मुंबईला, शाळा रत्नागिरीत. कबड्डी सुटली तर खेळाडूंचं वसतिगृह सुटणार, मग शाळाही. अध्यक्षांना हे पक्कं माहीत होतं.

दर शनिवारी सरावाआधी मैदानावर नारळ ठेवून सर देवाला गाऱ्हाणं घालायचे. आम्ही "होय म्हाराजा" म्हणायचो. पुढच्या शनिवारी नारळाशेजारी इंजेक्शनच्या बाटल्या आल्या. अध्यक्षांचं टॉनिक. गाऱ्हाणं झालं की ते प्रसाद व्हायचं.

"देवासमोर ठेवलंय, नाही म्हणू नये," असं म्हणत सर टोचायचे. आईला फोन केला. तीही म्हणाली, "परसाद हाय तर घे गो बाय."

दंड भरले. माझ्या पकडीतून कुणी सुटेना. पण पाळी थांबली. हनुवटीवर केस आले. आवाज घोगरा झाला. चढाईला गेले की प्रेक्षकांतून ओरड यायची, "ह्यो पोरगा हाय!" अध्यक्ष टाळ्या वाजवायचे. मला आरशात बघवत नव्हतं.

मग शाळेत मुलींच्या आरोग्यावर बोलायला एक डॉक्टरबाई आल्या. बोलता बोलता त्यांनी स्टिरॉइडचा विषय काढला. "काही खेळाडू मुलींना ताकदीसाठी टोचतात. पाळी जाते, केस येतात. आवाज घोगरा झाला तर बऱ्याचदा तसाच राहतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मरणाची लाज वाटली. मग संताप आला. हाच तास जूनमध्ये, टोचणं सुरू होण्याआधी, का नाही घेतला?

त्या शनिवारी मी "होय" म्हटलं नाही. अध्यक्ष समोरच उभे होते.

"दंड पुढे कर."

"आधी औषधाचं नाव सांगा."

"देवासमोरचं आहे ते!"

"देवाने नाही आणलं. तुम्ही आणलंत."

"माजलीस? उद्या सामान उचल."

उचललं.

शाळा मी लांज्यात पुरी केली. पाळी परत आली, आवाज नाही आला. आज मी खेळाची शिक्षिका आहे. शाळा उघडली की मुलांनी मैदानात पाऊल टाकायच्या आधी हा तास घेते. हातखंबा ते लांजा, बोलावतील त्या शाळेत जाते. बोलावत नाहीत तिथल्या पालकसभेत उभी राहते. तोंड उघडलं की पोरं फिसकन हसतात. हसू देत. ह्याच आवाजात सांगते, दंडात काय जातंय त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसतील तर दंड देऊ नका. मग देवाची शपथ घालोत, नाहीतर संघातून काढोत.

परवा एका शाळेतून निरोप आला, आमच्या खेळाडूंची डोकी फिरवायला येऊ नका.

सोमवारी तिथेच जाणार आहे. गेट लावलं तर तास गेटबाहेर घेईन.