आधी चकती

दर रविवारी सकाळी आम्ही चौघे मराठी शेजारी तंबू ठोकायच्या कॅम्पिंगच्या जागेतल्या झाडीत डिस्क गोल्फ खेळायचो. चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, एवढाच खेळ. चौघांतले एक पुण्याचे साहेब बोट ओलं करून वारा बघायचे आणि आम्हाला ओरडायचे, "मनगट, मनगट!"

परवा त्यांची चकती पानं झाडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या कपाळावर बसली. भळाभळा रक्त आलं. साहेब धावत गेले आणि म्हणाले, "आंटी, माय डिस्क कुठे?" बाईंनी झुडपाकडे बोट केलं. साहेब तिकडे वळले.

मी बाईंना टॅक्सीने दवाखान्यात नेलं. टाके पडले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला, "अहो, असा अर्ध्यावर डाव सोडतात का?"

त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं.